दीर्घिकांचा सहसंबंध मोजताना सूत्र बदलले की उत्तर का बदलते?

प्रश्न

स्लोन या आकाश सर्वेक्षणाच्या बॉस टप्प्यातील दीर्घिकांवरून मी द्विबिंदू सहसंबंध फलन (ठराविक अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या निव्वळ योगायोगापेक्षा किती जास्त सापडतात, याचे माप) काढत आहे. 150 मेगापार्सेकच्या (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे 32.6 लाख प्रकाशवर्षे) आसपास, जिथे बॅरिऑन ध्वनिलहरींचा, म्हणजे आरंभीच्या विश्वातील ध्वनिलहरींच्या ठशाचा, उंचवटा दिसायला हवा, तिथे ‘डीडी भागिले आरआर, उणे एक’ हे सरळ सूत्र आणि लँडी-सॅले सूत्र यांची उत्तरे जुळत नाहीत. डीडी म्हणजे त्या अंतरावरील दीर्घिका-दीर्घिका जोड्या आणि आरआर म्हणजे त्याच क्षेत्रात यादृच्छिक विखुरलेल्या बिंदूंच्या सूचीतील जोड्या; दोन्हींत या संख्या त्याच असताना असे का व्हावे? शिवाय, यादृच्छिक सूचीतील बिंदूंना ताम्रसृती (प्रकाश तांबड्याकडे सरकण्याचे प्रमाण, ज्यावरून अंतर कळते) कुठून द्यावी?

प्रतिसाद १

सर्वेक्षणाच्या कडा आणि सरासरी घनता यांतील अनिश्चितता सरळ सूत्रात जशीच्या तशी उतरते. लँडी आणि सॅले यांनी 1993 मध्ये सुचवलेल्या सूत्रात डीडीमधून डीआरची (दीर्घिका आणि यादृच्छिक बिंदू यांच्या जोड्यांची) दुप्पट वजा करून, त्यात आरआर मिळवून, मग आरआरने भागतात. त्यामुळे पहिल्या घाताची चूक कटते आणि दुसऱ्या घाताची तेवढी उरते. काही मेगापार्सेकवर फलनाचे मूल्य एकापेक्षा मोठे असल्याने ही चूक झाकली जाते, पण उंचवट्यापाशी ते जेमतेम 0.01 च्या घरात असते आणि तिथे एका टक्क्याची चूकही सगळे चित्र बिघडवते. डीडी, डीआर आणि आरआर या तिन्ही संख्यांना आपापल्या एकूण जोड्यांनी भागले आहे ना, हे आधी तपासावे.

प्रतिसाद २

ताम्रसृती बहुधा खऱ्या दीर्घिकांच्याच यादीतून उचलतात. ही पद्धत सोयीची आहे, पण तिच्यामुळे दृष्टिरेषेच्या दिशेतील घनतेचे मोठे चढउतार यादृच्छिक सूचीतही शिरतात आणि वजाबाकीत नाहीसे होतात. हा परिणाम ज्या सैद्धांतिक प्रतिरूपाशी (मॉडेलशी) तुलना करायची, त्यातही धरावा लागतो. तसेच, बॉसच्या एकाच पट्टीवर दोन तंतू (दीर्घिकेचा प्रकाश वर्णपटमापकाकडे नेणारे प्रकाशतंतू) 62 कोनीय सेकंदांपेक्षा जवळ बसत नसत, म्हणून फार जवळच्या जोडीतील एक दीर्घिका मोजायची राहून जाई. हुकलेल्या दीर्घिकेचे वजन शेजारणीला दिल्याने मोठ्या अंतरांवरचे उत्तर सुधारते, अगदी लहान अंतरांवरचे नाही.

प्रतिसाद ३

दोन सूत्रांतील फरक किती गंभीर आहे, हे त्रुटीच्या अंदाजाशिवाय ठरवू नये. शेजारच्या अंतरगटांतील (अंतराच्या ज्या टप्प्यांत जोड्या मोजतात त्यांतील) चुका एकमेकींशी निगडित असतात, म्हणून हे परस्परसंबंध दाखवणारी पूर्ण सहप्रसरण सारणी लागते आणि ती कृत्रिम सूचींवरून, म्हणजे संगणकावर बनवलेल्या नकली सर्वेक्षणांवरून, काढतात. अंतरगट 20 आणि कृत्रिम सूची 100 असतील, तर त्या सारणीच्या व्यस्त सारणीला 78 भागिले 99, म्हणजे सुमारे 0.79 ने गुणावे लागते. हे न केल्यास त्रुटी प्रत्यक्षापेक्षा लहान भासते. माझ्या मते आपण कृत्रिम सूचींची संख्या काही शेकड्यांपर्यंत न्यावी आणि मगच ही तुलना पुन्हा करावी.