गावात राहून वापरलेली ब्रँडेड लेदर पर्स घेणं: हौस की उधळपट्टी?

मास्तरीणबाई, आर्वी तालुका

माझं मत आधी मांडते, मग तुम्ही बोला. चांगल्या कंपनीची लेदर पर्स कुणी वापरून विकायला काढली असेल आणि ती अस्सल असेल, तर ती घेण्यात काहीही गैर नाही. खेड्यात राहणाऱ्या बाईनं घेण्यात तर मुळीच नाही.

मी बघितलेली पर्स लुई व्हिटॉन या फ्रेंच कंपनीची आल्मा नावाची आहे, काळ्या एपी लेदरची. हे कातडं त्यांनी १९८५ मध्ये आणलं. त्याच्यावर बारीक आडव्या लाटांचा पोत असतो, त्यामुळे ओरखडे चटकन दिसत नाहीत. मुंबईच्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे आहे, ४५ हजार सांगतो. नवी याच्या कितीतरी पट.

घरी पहिला प्रश्न आला, "दुसऱ्याची वापरलेली?" आमच्या गावात जुना ट्रॅक्टर येतो, जुनी बोलेरो येते, तेव्हा हार घालून नारळ फोडतात. रेक्झिनच्या पर्सचे पापुद्रे एका पावसाळ्यात निघतात, बंद तुटतो, ती उकिरड्यावर जाते आणि आपण पुन्हा नवी घेतो. ते चालतं. पगार माझा, कर्ज काढत नाही, घरखर्च अडत नाही. तरी विरोध काहून, ते मला समजून घ्यायचं आहे.

कापूसवाला, घाटंजी

ताई, राग नको मानू. पैसा तुयाच हाये. पण हिशेब मांडून पाय. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. ४५ हजार म्हणजे साडेपाच क्विंटल कापूस. आमच्या कोरडवाहूत एवढ्यासाठी एक एकर पुरत नाई कधीकधी. त्यात सीसीआयच्या, म्हंजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निंघाला का गाडी वापस. मंग खेडा खरेदीवाला म्हणेन त्या भावात देऊन मोकळं व्हा लागते.

तुया वर्गातल्या पोरायचे मायबाप त्याच गाडीवर रातभर बसून असतात. त्यायच्या पोरीच्या समोर तू ते टेबलावर ठेवशीन. मले ते बरोबर वाटत नाई. कायद्यानं नाई म्हणत मी, मनानं म्हणून रायलो.

मास्तरीणबाई, आर्वी तालुका

भाऊ, तुमचा हिशेब खोटा नाही आणि तो मला लागतोही. मीही शेतकऱ्याचीच पोरगी आहे. पण आमच्या शाळेतल्या सरांनी बुलेट घेतली तेव्हा गावानं पेढे मागितले. साडेपाच क्विंटलच्या कितीतरी पट रकमेची गाडी ती, रोज त्याच पोरांसमोर उभी असते. तेव्हा क्विंटल कुणी मोजले नाहीत. वस्तू बाईच्या खांद्यावर आली की लगेच एकर मोजायला लागतात, एवढंच माझं दुखणं आहे.

वहिनी, हिंगणघाट

मुद्दा बाई-पुरुषाचा नाही. मोडीचा आहे. ४५ हजारात आज धड अर्धा तोळा येत नाही हे खरं, पण जे येईल ते अडल्या रात्री सराफाकडे नेता येतं. पर्स घेऊन हिंगणघाटच्या बाजारात कोण उभं करणार? तिचा गिऱ्हाईक मुंबईत.

बैलजोडी, वाशीम

माझा विरोध पैशाला नाही, कातड्याला आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. अशा घरात गाईगुरांचं कातडं हौसेसाठी, मिरवण्यासाठी आणायचं? तिकडच्या महागड्या पर्स तर बऱ्याचदा कोवळ्या वासराच्या कातड्याच्या असतात. नवी असो की जुनी, जीव गेलेलाच असतो.

आरी-रापी, दर्यापूर

दादा, तुमच्या श्रद्धेला हात लावत नाही, पण बोलायला मला भाग आहे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कातड्याचं काम. तुमच्या विहिरीवरची मोट कातड्याची होती. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळेचा पट्टा कातड्याचा, आसुडाची वादी कातड्याची, भजनातल्या मृदंगाचं तोंडसुद्धा. ते कमावून देणारा माणूस मात्र गावकुसाबाहेर. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा पुष्कळांनी उपाशी राहून ते सोडलं. कातड्याची किळस आपल्याकडे नेहमी कातड्यापेक्षा माणसावरच निघाली. म्हणून ताईच्या पर्सवर हा आक्षेप ऐकला की मला आत कुठंतरी टोचतं.

आता मालाचं बोलतो. वापरलेली पर्स घेतली म्हणून त्या पर्ससाठी नवं जनावर लागत नाही. नावाची किंमत पहिल्या मालकिणीनं मोजून झाली. मागे उरतं ते कातडं आणि शिलाई, आणि त्यात ही मंडळी तयार आहेत हे मान्य करावं लागतं. फ्रान्सची हर्मेस कंपनी तर १८३७ ला घोड्यांचा साज बनवणारं दुकान म्हणून सुरू झाली. अजूनही ते एका धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून हातशिलाई करतात. एक टाका तुटला तरी पुढची शिवण उसवत नाही. मशीनच्या टाक्यात ते होत नाही.

ताई, फोटो मागवाल तेव्हा पर्सच्या अंगाचे नका मागवू, अंग सगळ्यांचं चकचकीत दिसतं. मुठीच्या बुडाशी जिथं कातडं दुमडून शिवलेलं असतं तिथला जवळून फोटो मागा. टाके एकसारख्या अंतराचे, एकाच कलात बसलेले दिसले पाहिजेत. कडेचा रंग बोटानं दाबल्यावर चिकट लागतो का, भेगाळलाय का ते विचारा. खालचे चार कोपरे बघा. कोपऱ्यात पांढरं दिसलं तर वापर भरपूर झालाय. कडेला पुन्हा रंग देता येतो, बंद बदलता येतो. आतलं अस्तर चिकट होऊन सुटायला लागलं असेल तर मात्र हात लावू नका, ते काम महागात जातं.

लोणारवाला

कारागीरदादा, तुमचं सगळं पटलं आणि म्हणूनच मी विरोधात आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला फिरवल्या, आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. आपल्याकडे बोंब झाली तेव्हा मान्य केलं. त्या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, तरीही ही गत. तुमच्यासारख्याच्या हातची पर्स ताईंनी पाच-सात हजारांत बनवून घ्यावी. उरलेले पैसे घरात राहतील आणि काम दर्यापुरात राहील.

आरी-रापी, दर्यापूर

भाऊ, मनापासून आभार. पण खरं सांगतो, मला तसं कातडंच मिळत नाही. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चांगलं कातडं इथं आता जवळपास मिळतच नाही. बाहेरून येतं ते बहुतेक क्रोमचं, म्हणजे रसायनात कमावलेलं, आणि आमच्यापर्यंत पोचतो तो उरलासुरला माल. पितळी कडी, चांगली चेन, सगळं मुंबईहून. ताईनं ऑर्डर दिली तर मी जीव ओतून करीन, पण ती आल्माची बरोबरी करेल असं खोटं सांगणार नाही.

पुसदची वकील

सगळे हौस आणि पाप यावर बोलता आहात, फसवणुकीवर कुणीच नाही. माझ्या मावसबहिणीला अशीच "अस्सल" पर्स कुरिअरनं आली. खोका, कापडी पिशवी, बिल, सगळं साग्रसंगीत, आणि पर्स नकली. विकणाऱ्यानं नंबर बंद केला.

लुई व्हिटॉनच्या पर्समध्ये आतल्या पट्टीवर तारखेचा कोड आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. २००७ नंतरच्या कोडात पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून साल. म्हणजे ३१५२ असेल तर २०१२ चा ३५ वा आठवडा. हे नकली बनवणाऱ्यालाही पाठ असतं. कोडाचा उपयोग उलटा आहे: विकणारा सांगतो ते साल आणि कोडातलं साल जुळलं नाही तर तिथंच थांबा. २०२१ पासून कोड जाऊन चिप आली, ती आपल्या मोबाइलवर तपासता येत नाही.

स्वस्त दिसते म्हणून परदेशी साइटवरूनही थेट मागवू नका. आयात धोरणात यंत्रसामग्री सोडून बाकी वापरलेल्या वस्तू परवान्याशिवाय आणता येत नाहीत, माल कस्टममध्ये अडकतो. फेसबुकवर अनोळखी बाईकडून घेतली तर ग्राहक आयोगात उभं राहणं अवघड, कारण ती व्यापारी नाही. जीएसटीचं बिल देणारा विक्रेता असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे वर्ध्याला, तक्रार करता येते. मुंबईला खेटे घालायची गरज नाही.

चंद्रपूरकर

एवढं करूनही मे महिन्यात ४५ अंशाला हे कातडं कुठं ठेवणार? आणि आषाढात कपाटात बुरशी. युरोपच्या हवेचा माल आहे तो.

आरी-रापी, दर्यापूर

प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली तर बुरशी येणारच. धुतलेल्या मलमलच्या कापडात गुंडाळायची, आत कोरा कागद भरायचा, वर्तमानपत्र नाही, त्याची शाई अस्तराला लागते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पंख्याच्या वाऱ्यावर, उन्हात कधीच नाही. टिनाच्या छताखालच्या माळ्यावर ठेवू नका. खोबरेल तेल चोळायची सवय असते बायांना, ते अजिबात नको, कातडं डागाळतं आणि त्यावर धूळ बसते.

मास्तरीणबाई, आर्वी तालुका

वहिनी, मोडीचं तुमचं बरोबर आहे, म्हणून ही गुंतवणूक आहे असं मी म्हणतच नाही. बैलजोडी दादा, तुमच्या घरी येईन तेव्हा ती बाहेर ठेवून येईन, वाद घालणार नाही. पण घ्यायचं माझं ठरत आलंय. कोपऱ्यांचे आणि मुठीचे फोटो आज मागवले.

कापूसवाला, घाटंजी

मले अजूनही पटलं नाई. पण बुलेटचं बोलली ते खरं हाये, त्याचं उत्तर माह्यापाशी नाई.

पुसदची वकील

ताई, पैसे पाठवायच्या आधी "नकली निघाल्यास पूर्ण रक्कम परत" हे त्या व्यापाऱ्याकडून लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर असलं तरी चालेल. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ एकसलग काढा, वरच्या पत्त्याच्या चिठ्ठीपासून आतल्या कोडापर्यंत. पैसे बँकेतूनच द्या. तो रोखच मागत असेल तर पर्स कितीही आवडली असो, सोडून द्या.