माळीकाकांच्या हाताची जखम आणि धनुर्वाताची लस : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-१०१ (सचिव) : सर्व सभासदांना नमस्कार. आज सकाळी वाफ्यांना शेणखत घालताना आपल्या माळीकाकांच्या डाव्या हाताला, अंगठ्याच्या बुडाशी, खुरप्याने खोलवर कापले आहे. वॉचमनने जखमेत हळद भरून फडके बांधले आहे. खुरपे नवे असून त्याला गंज नव्हता, त्यामुळे इंजेक्शनची गरज नाही, असे काकांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बी-५०२ (निवृत्त परिचारिका) : सचिवसाहेब, आधी ते फडके सोडायला लावा. हात नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने नीट धुवावा. जखमेच्या कडांना हळदीबरोबर खताचे बारीक कण चिकटलेले असतील, ते निघेपर्यंत पाणी चालू ठेवावे. रक्त येत राहिले तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे आणि मग त्यांना लगेच दवाखान्यात न्यावे, कारण अशा जखमेला टाके लागू शकतात.

गंजाबद्दल सांगायचे तर धनुर्वात गंजामुळे होतच नाही. त्याच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि गुराघोड्यांच्या शेणात असतात, वर्षानुवर्षे टिकतात आणि साध्या उकळत्या पाण्यानेही सहजी मरत नाहीत. जिथे हवा पोहोचत नाही अशा खोल, अरुंद जखमेत ते वाढतात आणि विष तयार करतात. गंजलेला खिळा बदनाम झाला तो अशी खोल जखम करतो म्हणून. शेणखताने माखलेले नवे कोरे खुरपे त्याच्यापेक्षा कमी धोक्याचे नाही.

सी-२०३ : काकू, आज रविवार असल्याने बहुतेक दवाखाने बंद आहेत. उद्या सकाळी नेले तर चालेल का? आणि तोपर्यंत कोणत्या लक्षणांवर लक्ष ठेवावे?

बी-५०२ : टाक्यांसाठी आणि लसीसाठी आजच न्यावे, मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग रविवारीही चालू असतो. लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण ती सहसा ३ ते २१ दिवसांनी दिसतात आणि तोवर जखम भरूनही आलेली असू शकते. सुरुवात बहुधा जबड्यापासून होते : तोंड पुरते उघडत नाही, घास गिळताना त्रास होतो, मान आखडते. पुढे पोट फळीसारखे कडक होते आणि पाठ कमानीसारखी वाकवणारे झटके येतात. नोकरीत असताना असे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांना अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवावे लागते, कारण दार आपटले किंवा दिवा लागला तरी झटका येतो; रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, प्रत्येक झटक्याची वेदना त्याला कळते आणि श्वसनाचे स्नायू आखडले तर जिवावर बेततो. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही. मात्र एकदा होऊन गेला तरी पुढे त्यापासून संरक्षण मिळत नाही, म्हणून बऱ्या झालेल्या रुग्णालाही लस द्यावीच लागते.

ए-४०४ : ताई, मी स्वतः गेली कित्येक वर्षे दर सहा महिन्यांनी, कुठे खरचटले की टीटी घेतो, त्यामुळे निर्धास्त असतो. परंतु गेल्या वेळी दंड कोपरापर्यंत सुजला आणि दोन रात्री झोप लागली नाही. लस खराब असावी का?

बी-५०२ : साहेब, लस खराब असण्यापेक्षा ती वरचेवर घेतली गेल्याची शक्यता जास्त आहे. अंगात प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारे घटक, भरपूर असताना पुन्हा डोस दिला तर अशी मोठी सूज येऊ शकते. ज्याचे मूळ डोस पूर्ण झाले आहेत, त्याला साध्या, स्वच्छ जखमेसाठी शेवटच्या डोसानंतर १० वर्षे आणि मातीने किंवा शेणाने माखलेल्या अथवा खोल जखमेसाठी ५ वर्षे उलटली असतील तरच बूस्टर लागतो. सहा महिन्यांचा हिशेब कुठल्याच वेळापत्रकात नाही. तो रूढ झाला याचा दोष मी डॉक्टरांना फारसा देत नाही. ‘आधी घेतले होते का?’ असे विचारले की आपण ‘घेतले असेल’ म्हणतो आणि केसपेपर कधीच रद्दीत गेलेला असतो. मग समोरचा माणूस खबरदारी म्हणून सुई टोचणारच.

इंजेक्शननंतर एक-दोन दिवस दंड दुखणे, थोडी लाली येणे, किंचित कणकण वाटणे हे नेहमीचे आहे. सुईची जागा चोळू नये, थंड पाण्याची पट्टी ठेवावी, हात हलता ठेवावा आणि गरज वाटल्यास डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे मात्र तिथेच बसावे. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे किंवा भोवळ येणे असे काही झाले तर तेथील डॉक्टरांना तत्काळ सांगावे.

डी-३०१ : आमच्या सूनबाई गरोदर आहेत आणि पहिला मुलगा दोन वर्षांचा आहे. त्यांना पुन्हा दोन डोस घ्यावे लागतील का?

बी-५०२ : मागच्या खेपेला दोन्ही डोस पूर्ण झाले असतील आणि त्याला ३ वर्षे उलटली नसतील, तर बूस्टरचा एकच डोस देतात. माता-बाल कार्ड सोबत न्यावे. हल्ली टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पापासूनही संरक्षण असते. गरोदर मातांचे लसीकरण आणि दवाखान्यातील बाळंतपणे वाढल्यामुळेच २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले.

माळीकाकांचा प्रश्न मात्र निराळा आहे. आपल्याकडे विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला आणि काका त्याच्या बरेच आधी जन्मलेले आहेत. शाळेतही ते फारसे गेलेले नाहीत. त्यांचे मूळ डोस झालेच नसावेत असे धरून चालावे. पहिल्यांदाच लस घेणाऱ्याच्या अंगात पुरेसे संरक्षण तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणजे नुसत्या लसीवर आजची जखम सुरक्षित होत नाही. त्यासाठी तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे टेटॅनस इम्युनोग्लोब्युलिनचे, वेगळे इंजेक्शन असते. ते लसीच्याच दिवशी, पण दुसऱ्या जागी टोचतात. ‘पूर्वी एकही डोस घेतल्याचे माहीत नाही आणि जखमेत शेणखत गेले आहे’, हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लहान दवाखान्यात ते इंजेक्शन नसेल, तर कुठे मिळेल ते तिथेच विचारावे.

ए-१०१ (सचिव) : ताई, आपण सांगितल्याप्रमाणे काकांना मोठ्या रुग्णालयात नेऊन आणले. चार टाके पडले आणि दोन्ही इंजेक्शने दोन वेगवेगळ्या दंडांत दिली. लसीचा दुसरा डोस चार आठवड्यांनी आणि तिसरा त्यानंतर किमान सहा महिन्यांनी घ्यायचा आहे. दोन्ही तारखा वॉचमनच्या केबिनमधील वहीत लिहून ठेवल्या आहेत आणि केसपेपरचा फोटो काकांच्या मुलाला पाठवला आहे. प्रतिजैविकाच्या गोळ्याही दिल्या आहेत.

सी-२०३ : उद्यापासून ते बागेला पाणी घालतो म्हणत आहेत. चालेल का?

बी-५०२ : टाके निघेपर्यंत मातीत हात घालायचा नाही आणि पट्टी भिजू द्यायची नाही, झाडांना पाणी आपण पाळीपाळीने घालू. जखमेभोवती लाली पसरली, पू आला किंवा ताप चढला, तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता त्यांना पुन्हा दाखवावे.

ए-४०४ : सोमवार आणि गुरुवार माझ्याकडे लावा.