बुधाचा जप ३६००० : म्हणायचा, म्हणवून घ्यायचा की सोडून द्यायचा?

डोंबिवलीची_आई
नमस्कार मंडळी. मोठा लेक यंदा दहावीला. सासूबाईंनी हौसेने त्याची पत्रिका ओळखीतल्या एका ज्योतिषांना दाखवली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. ते म्हणाले बुध मीनेत म्हणजे नीचेचा (सगळ्यात कमजोर जागी), त्यात रवीला चिकटून म्हणून अस्तंगत (रवीच्या तेजात झाकलेला), त्यामुळे बुद्धी आहे पण वापरात येत नाही (हे मी पत्रिका न बघता पण सांगितलं असतं). उपाय म्हणजे बुधाचा जप. मूळ संख्या ९०००, पण कलियुगात चौपट म्हणून ३६०००, पाच गुरुजी, तीन दिवस, वर दशांश हवन (जपाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या आहुती), आणि पुढे पैसाअडका नीट राहावा म्हणून गुरूचा जप वेगळा. सगळं मिळून ३१ हजार. नवरा म्हणतो एक रुपया देणार नाही, सासूबाई म्हणतात माझ्या एफडीतून देते, तुमचं काय जातंय.

मी मधला मार्ग काढला की पोरानेच रोज म्हणावा. सासूबाईंनी बोटात घालायचा तो काउंटर आणला, बटण दाबलं की आकडा वाढतो तो. काल अर्ध्या तासात आकडा १४०० च्या वर! मी म्हटलं वा. मग हळूच खोलीत डोकावले तर स्वारी मोबाइलवर मॅच बघतीये आणि अंगठा आपला टिकटिक टिकटिक चालू, तोंड मात्र बंद.

तर बोला, म्हणायचा, म्हणवून घ्यायचा की नादच सोडायचा? भांडा हवं तेवढं पण सासूबाईंना नावं ठेवू नका, त्या चांगल्या आहेत.

रोखठोक_सातारकर
ताई सोडून द्या. मी नास्तिक आहे म्हणून नाही सांगत, पंचांग बघतो म्हणून सांगतो. आपल्याकडून बघितलं तर बुध सूर्यापासून २८ अंशांच्या पुढे कधी जातच नाही. म्हणजे कुणाचीही पत्रिका उघडा, बुध रवीच्याच राशीत नाहीतर शेजारच्या. एका राशीत सापडले की त्यालाच "बुधादित्य योग, पोरगं हुशार" म्हणता येतं आणि जरा जास्त जवळ असले की "अस्तंगत" म्हणून जप पण लावता येतो. माल तोच, गिऱ्हाईक बघून लेबल. आणि नीचेचं म्हणाल तर रवी मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मीनेत असतो, बुध त्याच्याच आगेमागे घुटमळतो, त्यामुळे त्या महिन्यातल्या कितीतरी पोरांचा बुध नीचेचाच निघणार. वाढदिवस मार्चमधला ना?

डोंबिवलीची_आई
२० मार्च. हसू नका.

तुळशीवृंदावन
सगळ्यांना लगेच अंशांचं गणित सुचतं. माझं ऐका. मागे ह्यांची नोकरी गेली होती तेव्हा मी गुरूचा जप केला, १९०००, कुणाकडून करवून नाही घेतला, स्वतः. "देवानां च ऋषीणां च गुरुं कांचनसन्निभम्" हा नवग्रह स्तोत्रातला श्लोक. दूधवाला यायच्या आधी ओट्यापाशी पाट टाकून बसायचे, एक माळ, कधी पाहुणे असले की नाही व्हायची मग दुसऱ्या दिवशी दोन. सात महिने लागले. नोकरी त्याच्यामुळे लागली असं मी म्हणणार नाही कारण ती नंतर दोन महिन्यांनी लागली आणि पगार आधीपेक्षा कमीच होता. पण त्या सात महिन्यांत मी कुणावर ओरडले नाही, हे माझी मुलगी सुद्धा सांगेल. समृद्धी म्हणजे काय हो, फक्त पासबुकच का?

रोखठोक_सातारकर
मग नुसतं गप्प बसला असतात तरी तेच झालं असतं.

तुळशीवृंदावन
बसून दाखवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून.

पाठशाळा_नाशिक
मी याज्ञिकी करतो (होम-पूजा सांगतो), आठ वर्षं पाठशाळेत होतो, तर थोडं आतलं सांगतो. ताई, आधी विचारा मंत्र कुठला घेणार. बीजमंत्र "ॐ ब्रां ब्रीं ब्रौं सः बुधाय नमः" नीट म्हटला तर चार-पाच सेकंद. ३६००० ला पाच जण म्हणजे प्रत्येकी ७२००, रोजचे २४००, तीन-सव्वातीन तासांची बैठक, आरामात होतं. पण वेदोक्त, म्हणजे वेदातला, "उद्बुध्यस्वाग्ने" घेतला तर एका आवृत्तीला दहा-बारा सेकंद, मग तेच काम रोज सात-आठ तासांचं. वेदोक्त सांगून कोणी दुपारी जेवायच्या आत उठत असेल तर काय ते समजा.

आता "म्हणवून घेणं म्हणजे फसवणूक" असं कुणीतरी म्हणेलच म्हणून आधीच सांगतो, ऋत्विजांनी (यज्ञ करणाऱ्या गुरुजींनी) करायचं आणि फळ यजमानाला, ही पद्धत यज्ञाइतकी जुनी आहे. संकल्पात नाव-गोत्र कशाला घेतात मग? तुमच्याकडे मुंजीच्या आधी ग्रहमख (ग्रहांसाठीचा होम) झाला असेल तेव्हा तुम्ही काय सगळी हवनं स्वतः म्हणून केलीत? आणि चौपटीचं वचन आहे, "कलौ चतुर्गुणं", पण म्हणून मूळ संख्येत केलेला जप वाया जातो असं कुणी घाबरवत असेल तर घाबरू नका.

शब्दरूपावली
३० वर्षं संस्कृत शिकवलं, मला राहवत नाही. मुलाला मंत्राचा अर्थ कुणी सांगितलाय का? "उद्बुध्यस्वाग्ने प्रति जागृहि" म्हणजे हे अग्ने, ऊठ, जागा राहा. शुक्ल यजुर्वेदातला मंत्र, अग्नीला उद्देशून. बुध ग्रहाचा त्यात काडीचा संबंध नाही, "बुध्" हा धातू आहे एवढंच. शनीचं तर अजून भारी आहे, "शं नो देवीरभिष्टय आपो भवन्तु पीतये", शिंगणापूरला जाऊन लोक भक्तीने म्हणतात, आणि तो आहे पाण्याचा मंत्र! हे दिव्य जल प्यायला सुखाचं असो, इतकं साधं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नववं सूक्त, संध्येतलं "आपो हि ष्ठा" ही त्याचीच पहिली ऋचा. सुरुवातीला "शं नो" ऐकू आलं म्हणून शनीला दिला. "केतुं कृण्वन्" केतूला का, तर केतू ऐकू आला. मंगळाचा "अग्निर्मूर्धा" तोही अग्नीचाच. गुरूचा तेवढा "बृहस्पते अति यदर्यो" खरोखर बृहस्पतीला आहे.

म्हणजे ही सगळी आवाजावरून लावलेली जोडी आहे आणि त्याचे आपण हजारांनी आकडे मोजतोय.

वरणभात_वर_तूप
"ऊठ, जागा राहा" हा मंत्र दहावीच्या पोराला पहाटे पाच वाजता उठवायला एक नंबर आहे, मी तर आजपासून चालू करणार

पाठशाळा_नाशिक
मॅडम, तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि आम्हाला ते माहीत पण असतं. पण ह्याला विनियोग म्हणतात. मंत्र मूळ कुठल्या देवतेचा आणि कुठल्या कर्मात लावला ह्या दोन वेगळ्या गोष्टी. आणि ही जोडी काल परवा कोणी लावलेली नाही, याज्ञवल्क्य स्मृतीत ग्रहांना मंत्र नेमून दिलेत त्यात बुधाला हाच "उद्बुध्यस्व" आणि शनीला हाच "शं नो देवी" आहे. आपण गणपतीला "गणानां त्वा गणपतिम्" म्हणतो तो तरी मूळ कुणाचा? ब्रह्मणस्पतीचा. आणि गंमत म्हणजे गुरूचा "बृहस्पते अति" त्याच सूक्तातला, दुसऱ्या मंडलातलं तेविसावं. आता गणपतीत मंत्रपुष्पांजली थांबवून कुणी म्हणतं का की थांबा हा पत्ता चुकलाय?

शब्दरूपावली
पत्ता चुकला नाही म्हणत मी, पत्ता वाचा म्हणते. हे भांडण पण आपलं नाही, निरुक्तात आहे, म्हणजे वेदातल्या शब्दांच्या अर्थावरच्या यास्काच्या जुन्या ग्रंथात. कौत्स म्हणतो मंत्रांना अर्थच नसतो, आणि यास्क त्याला सुनावतो की आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे. तुम्ही कर्मकांडवाले नकळत कौत्साच्या बाजूला जाऊन बसलात, आणि शिव्या मात्र आम्हाला मिळतात की ह्या बाईला श्रद्धा नाही.

संख्या_बोलते
एक आठवण करून देतो कारण विषय नेमका पोरांच्या बुद्धीचाच आहे. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये पुण्यात चाचणी घेतली होती. शाळेत हुशार असलेल्या १०० आणि मतिमंद असलेल्या १०० मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, ज्योतिषांना प्रत्येकी ४० पाठवल्या, फक्त एवढंच सांगा की मूल हुशार की मतिमंद. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेलं प्रमाण सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आलं असतं. आता ज्या पत्रिकेतून एवढा ढळढळीत फरक कळत नाही तिच्यातून "बुद्धी आहे पण वापरात येत नाही" असलं बारीक निदान कसं निघतं? निदानच असं असेल तर ३६००० काय आणि ३६ काय.

तुळशीवृंदावन
पण जप आणि ज्योतिष एकत्र का करताय? मी पत्रिका न दाखवता केला होता.

फिजिओ_पुण्याची
तुळशीताईंच्या बाजूने थोडं. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, इटलीतल्या बर्नार्डी वगैरेंचा, २३ निरोगी माणसं. मंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाचे ठोके आणि रक्तदाबाचे चढउतार त्याच्याशी ताल धरायला लागले. मी पेशंटना श्वासाचे व्यायाम देते ते कुणी घरी करत नाही, पण माळ दिली की करतात. मात्र त्यातला एक मंत्र बौद्धांचा होता आणि दुसरी ख्रिश्चनांची लॅटिन प्रार्थना, जपमाळेवरची. दोन्हीने तेच झालं. म्हणजे बुध लागत नाही, सावकाश म्हणणं लागतं. आणि ते स्वतःच म्हणावं लागतं हो, पाच गुरुजींनी म्हटलं तर श्वास त्यांचा सुधारेल.

रोखठोक_सातारकर
शेवटच्या वाक्याला साष्टांग.

किराणा_भुसार
समृद्धीवर कोणीच बोलेना म्हणून बोलतो, कोल्हापूर साइडचा आहे, तीन पिढ्यांचं दुकान. आजोबा गुरुवारी गल्ल्याला हळद लावून गुरूचा श्लोक म्हणायचे, चणाडाळ एक शेर मोजून कुणाला तरी द्यायचे, झालं. खर्च एक शेर डाळ. माझ्या वडिलांनी समोर मोठं सुपरमार्केट झाल्यावर घाबरून गुरूचा आणि शुक्राचा असे दोन्ही जप करवून घेतले, त्यासाठी उधारी वसूल करून पैसे उभे केले, आणि त्या वसुलीत जी जुनी गिऱ्हाईकं दुखावली ती समोरच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक परत आलं ते मी सायकलवर पोरगा ठेवून सामान घरपोच द्यायला लागलो तेव्हा. आजोबांचा श्लोक मात्र मी अजून म्हणतो. डाळ पण देतो. त्याला काय कारण विचारू नका, गल्ला उघडताना तोंडातून आपोआप येतो.

पाठशाळा_नाशिक
तुमचा अनुभव मान्य. पण पैशासाठी जप म्हणजे आजकालचा धंदा असं म्हणू नका एवढंच, "श्रीकामः शान्तिकामो वा ग्रहयज्ञं समाचरेत्" हे याज्ञवल्क्यच म्हणतात. श्रीकाम म्हणजे संपत्ती हवी असलेला, पहिलाच शब्द तो आहे.

शब्दरूपावली
पुढची ओळ पण सांगा ना गुरुजी. पाऊस, आयुष्य, पुष्टी, आणि शेवटी "अभिचरन्नपि", म्हणजे शत्रूचं वाटोळं करायचं असेल तरी हाच यज्ञ. ते पॅकेज कुणी विकत नाही वाटतं?

पाठशाळा_नाशिक
मागणी असते मॅडम. मी घेत नाही.

चेन्नईत_अडकलेला
इकडे कुंभकोणमच्या आजूबाजूला नऊ ग्रहांची नऊ देवळं आहेत, लोक टॅक्सी करून एका फेरीत उरकतात. बुधाचं तिरुवेंकाडूला, तिथे आईबाप पोरांच्या अभ्यासासाठी जातात, गुरूचं आलंगुडीला. आपल्याकडे शनी सोडला तर बाकीच्यांना कोण विचारतं? ज्याची भीती त्याला रांग. आणि बुध-गुरू दोघांचा जप एकदम करणाऱ्यांनी आधी घरातलं प्रकरण बघा, बृहस्पतीची बायको तारा चंद्राने पळवली आणि त्यातून झालेलं पोर म्हणजे बुध. ज्योतिषात गुरू बुधाला शत्रू मानतो तो उगाच नाही.

डोंबिवलीची_आई
सगळं वाचलं, सासूबाईंना मोठ्याने वाचून पण दाखवलं, पळवापळवीचं सोडून. पाण्याच्या मंत्राला त्या बराच वेळ हसत होत्या कारण त्या दर शनिवारी तो म्हणतात. एफडी सध्या मोडत नाही म्हणाल्या, पण अजिबात मोडणार नाही असंही म्हणाल्या नाहीत. काउंटर मी काढून घेतला. आजपासून आजी आणि नातू दोघं मिळून माळेवर म्हणणार, बीजमंत्र नको, स्तोत्रातला "प्रियंगुकलिकाश्यामं", तोही अर्थ विचारून. लेकाने पहिल्याच दिवशी विचारलं प्रियंगु म्हणजे काय, आजीला आलं नाही, मला पण नाही.

आता नवीन भांडण. ९००० ला माळा किती? सासूबाई म्हणतात ९०, लेकाने तिथल्या तिथे भागाकार करून सांगितलं ८४ आणि त्यात पण ७२ जास्तीचे होतात. गणितात काठावर पास होणारं पोरगं हे.

पाठशाळा_नाशिक
आजी बरोबर आहेत. माळ १०८ ची असली तरी धरायची १००, वरचे आठ चुकारीचे.

संख्या_बोलते
मग ९० माळांत ७२० मंत्र फुकट गेले. पोराचं बरोबर आहे.

तुळशीवृंदावन
फुकट नाही हो जात.

रोखठोक_सातारकर
८४ का ९० ते नंतर बघा, आधी मॅच बघताना दाबलेले १४०० वजा करा.