संस्थेनं टँकर द्यावा, की टँकर का लागतो हे विचारायला शिकवावं?

हद्दवाढ
गेल्या महिन्यात आमच्या संस्थेच्या बैठकीत एका गोष्टीवरून आम्ही आपसांत भांडलो. अजून ते डोक्यातून जात नाही, म्हणून आपल्या सोलापूरकरांच्या या चर्चेत मांडते.

एका कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायच्या पैशातून, तीन वर्षांचं काम मिळणार होतं. काम चांगलं होतं: वस्तीत पाण्याच्या टाक्या, शुद्धीकरणाचं यंत्र, शाळेत हात धुण्याची सोय. अट एकच, तीही तोंडी. बायकांना घेऊन महापालिकेच्या झोन कार्यालयावर जायचं नाही, निवेदनं द्यायची नाहीत, वादात पडायचं नाही. मी नको म्हटलं. बाकीचे म्हणाले, लोकांना टाकी तर मिळेल ना?

आपल्याकडे १९९२ ला हद्दवाढ झाली. आजूबाजूची गावं शहरात आली, घरपट्टी आली, पण ड्रेनेज आणि पाणी मागेच राहिलं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणजे वर्षातून साठ-सत्तर वेळा. पाणीपट्टी मात्र पूर्ण वर्षाची.

आमच्या वस्तीतल्या बायकांनी दीड महिना एक वही ठेवली होती. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, एवढंच. वहीतून दिसलं ते असं: दोन गल्ल्यांना दर वेळी रात्री दीड-दोनलाच पाणी, आणि तेही बारीक. छापील वेळापत्रकात सकाळची वेळ होती. आधी तोंडी तक्रार केली की "बघतो" म्हणून परत पाठवायचे. वही टेबलावर ठेवली तेव्हा साहेबांनी चष्मा लावून पानं उलटली. पंधरा दिवसांत वेळ बदलली. ज्या बाई आधी दारातून आत यायला घाबरायच्या, त्याच पुढच्या वेळी खुर्ची ओढून बसल्या.

माझ्या मते संस्थेचं खरं काम हे आहे. टाकी फुटते, यंत्राचा फिल्टर बदलायला पैसे नसतात. माणूस एकदा विचारायला शिकला की ते राहतं.

आणि याला कायद्यात जागा आहे. शहरांच्या स्थानिक कारभाराला घटनेत जागा देणारी ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. महानगरपालिका अधिनियमात प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे आणि वस्ती संघटनांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. २००९ पासून क्षेत्रसभेचीही तरतूद आहे, गावात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा. सोलापुरात क्षेत्रसभेला बसलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. हे मागायचं कुणी? सुटा माणूस मागू शकत नाही.

जुळे सोलापूर
ताई, तुमच्या हेतूवर शंका नाही. पण मला हे पटत नाही.

नगरसेवक आम्ही निवडतो. पाच वर्षांनी त्याला घरी बसवू शकतो. संस्थेला कोण निवडतं? कोण हटवतं? तुम्ही "लोकांचं म्हणणं" म्हणून जे मांडता, ते कोणत्या लोकांचं?

विमानतळाचा विषय आठवा. एका बाजूला विमानसेवा हवी म्हणणारे नागरिक, व्यापारी, ज्यांची मुलं बाहेरगावी नोकरीला आहेत असे आईवडील. दुसऱ्या बाजूला सिद्धेश्वर साखर कारखान्याचे सभासद आणि कामगार, कारण कारखान्याची चिमणी विमानांच्या आड येत होती. दोघंही संघटित, दोघंही मोर्चे काढणारे, दोघंही स्वतःला जनता म्हणणारे. १५ जून २०२३ ला चिमणी पडली तेव्हा एका बाजूची जनता जिंकली, दुसऱ्या बाजूची हरली. मी स्वतः विमान हवं म्हणणाऱ्यांतला होतो. तरी त्या दिवशी कारखान्याच्या माणसांचे चेहरे बघून मला बरं वाटलं नाही. अशा वेळी निवाडा करायला निवडून आलेली सभाच लागते. ज्याच्याकडे वेळ, फोन आणि पत्र लिहिणारा माणूस आहे, त्याच्या दबावावर शहराचं धोरण ठरू नये.

हद्दवाढ
काका, सभा लागतेच. पण मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ आपल्याकडे सभाच नव्हती, प्रशासक होते. जवळपास चार वर्षं अंदाजपत्रक एका सहीनं मंजूर होत गेलं. तेव्हा कुणाला घरी बसवणार होतो आपण? आणि आता एका प्रभागात चार नगरसेवक. आमच्या बायका एकाकडे गेल्या की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

कोणते लोक, हा प्रश्न मात्र बरोबर आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. आमच्या वहीवर सह्या असलेल्या घरांपुरतंच मी बोलू शकते.

लाल बावटा
मी तीस वर्षं युनियनमध्ये आहे. माझा विरोध काकांपेक्षा वेगळा.

लोकांना संघटित करायलाच पाहिजे. पण ते अनुदानाच्या पैशानं होत नाही. कुंभारीचं रे नगर बघा. असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची वसाहत. ९ जानेवारी २०१९ ला भूमिपूजन, १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या, दोन्ही वेळी पंतप्रधान आले. त्याच्याही आधी २००६ मध्ये विडी कामगार बायकांना गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरं मिळाली. आमचे नेते आडम मास्तर आणि युनियननं त्यासाठी किती वर्षं मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या केल्या, किती वेळा बायका उन्हात बसल्या, हे पूर्व भागात कुणालाही विचारा. त्या बायकांनी युनियनची वर्गणी भरून पावती फाडली होती. पोटाला चिमटा काढून घराचा हिस्सा भरला होता. म्हणून त्या मागं हटल्या नाहीत.

तुमचा प्रकल्प तीन वर्षांचा. मग अहवाल, फोटो आणि पुढचा विषय. पाण्याचे पैसे संपले की पोषण, पोषण संपलं की कौशल्य विकास. चौथ्या वर्षी ती बाई वही घेऊन झोन कार्यालयात जाईल का, एवढंच सांगा.

माहितीचा अधिकार ज्यांच्यामुळं आला त्या राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेचं उदाहरण संस्थावाले फार देतात. १ मे १९९० ला ती उभी राहिली, १९९४ पासून जनसुनवाई घेऊन मजुरीच्या हजेरीपटांचा हिशोब चव्हाट्यावर मांडला, २००५ ला देशाचा कायदा झाला. पण ते लोक प्रकल्पाच्या अनुदानावर चालत नाहीत, हे सांगायचं राहून जातं. सीएसआरवर मोर्चा काढता येत नाही, ताई. ज्याचं मीठ खाल त्याच्याविरुद्ध तोंड उघडत नाही. तुम्ही नको म्हटलं ते बरोबर केलं. पण उद्या दुसरा देणारा येईल तेव्हा काय?

जमाखर्च
मी धर्मादाय नोंदणीच्या संस्थांचे हिशोब लिहितो. थोडं व्यवहाराचं बोलतो. ते कडू लागेल.

सीएसआर कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येतो, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के. कंपनीला अहवालात टाकी दाखवता येते, निवेदन दाखवता येत नाही. परदेशी देणगीचं म्हणाल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि एका संस्थेनं दुसरीला ती रक्कम पुढं द्यायची नाही. आधी मोठी संस्था देणगी घ्यायची आणि तालुक्यातल्या लहान संस्थेला काम द्यायची. ती वाट बंद. आपल्या जिल्ह्यातल्या लहान संस्थांना याचा फटका बसताना मी वह्यांमध्ये बघितलाय. वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्तीचा पगार हाच संघटन करण्याचा खर्च असतो, आणि तो कागदावर कुठं बसवायचा हाच रोजचा प्रश्न.

एक मात्र लोक चुकीचं समजतात. मोर्चा काढला की संस्था लगेच "राजकीय" ठरते असं नाही. मार्च २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की राजकीय हेतू नसताना सार्वजनिक प्रश्नावर आंदोलनाला साथ दिली म्हणून परदेशी देणगीचा हक्क जात नाही. तोंडी अट घालणारे आणि ती मान्य करणारे, दोघंही कायद्यापेक्षा जास्त घाबरतात.

तरीही माझं मत ताईंच्या विरुद्ध आहे. टाकी घ्यायला हवी होती. पाच घरांत जुलाब कमी झाले तरी ते खरे जुलाब आहेत, खरी लेकरं आहेत. तत्त्वासाठी ती सोय नाकारायचा हक्क आपल्याला कुणी दिला? वस्तीतल्या बायकांना विचारलं होतं का?

पूर्वभाग
माझी आई विड्या वळते. हजार विड्यांवर मजुरी. मला शाळेत असताना विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती मिळाली, त्या पैशानं वह्या-दप्तर आलं. फॉर्म भरला तो एका संस्थेच्या अक्कांनी. आईला तर असं काही असतंय हेच माहीत नव्हतं. युनियनची पावती घरात होती ओ, तरी माहीत नव्हतं. म्हणून संस्था नुसत्या फोटोपुरत्या असतात असं म्हणू नका.

पण दुसरी बाजू पण सांगते. ती शिष्यवृत्ती, ते दवाखाने १९७६ च्या कल्याण निधीच्या कायद्यातून आले. विडीवर त्यासाठी उपकर होता. २०१७ ला जीएसटी आला आणि उपकर गेला. अक्का फॉर्म भरत राहिल्या. त्यांना पण हे उशिरा कळलं. आमच्या गल्लीत शंभर बायका विडीचं पान कातरायल्यात, आणि आपला निधी ज्याच्यावर उभा होता तोच गेला हे कुणी येऊन बसून सांगितलं नाही. फॉर्म भरणारी अक्का पण पाहिजे आणि हे सांगणारी पण पाहिजे. एकच बाई दोन्ही का करू शकत नाही?

आणि जमाखर्च काकांनी शेवटी विचारलं ना, बायकांना विचारलं का म्हणून? ते मला पण ऐकायचंय.

हद्दवाढ
नाही विचारलं. बैठक आमची झाली, नकार आमचा गेला. हे लिहिताना लाज वाटते. दोन दिवसांनी वस्तीत सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "आम्हाला विचारलं असतं तर टाकी घेतली असती आणि झोनवर पण गेलो असतो. अट तुम्हाला होती, आम्हाला कुठं होती?" मला हे सुचलंच नव्हतं.

लाल बावटा, तुमच्या प्रश्नाचंही खरं उत्तर देते. आम्ही दोन वस्त्यांत काम केलं. एका वस्तीत निधी संपला आणि चार महिन्यांत गट मोडला, वही कुणाकडे आहे तेही सापडत नाही. दुसरीकडे बायकांनी स्वतःच महिना दहा रुपये काढायला सुरुवात केली होती. रिक्षाभाडं, झेरॉक्स, अर्जाचा स्टॅम्प त्यातून निघतो. ती वस्ती अजून जाते झोनवर, आमच्याशिवाय जाते. मी तेव्हा दहा रुपयांना महत्त्व दिलं नव्हतं, अहवालातही लिहिलं नव्हतं.

लाल बावटा
ते दहा रुपये म्हणजे आमची पावतीच की. पूर्वभाग, तुझ्या आईचं ऐकून वाईट वाटलं बाळ. पावती फाडून घेणाऱ्यानं घरी बसून सांगायला पाहिजे होतं. ते आमचं चुकलं.

चावीवाल्यांचा साहेब
पाणीपुरवठ्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. माझं मन दोन्हीकडे ओढतं.

मोर्चा आला की काय व्हायचं ते सांगतो. वरून फोन यायचा, चावीवाल्याला, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्याला, सांगायचं त्या भागाला वीस मिनिटं जास्त सोड. टाकीत पाणी तेवढंच. ती वीस मिनिटं शेजारच्या नगरातून कापली जायची. तिथले लोक गरीब असतील, शांत असतील, तर त्यांना कळायचंही नाही. म्हणून जुळे सोलापूरकरांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही.

ताईंची वही वेगळी आहे. तिच्यात वीस मिनिटांची मागणी नाही, वाटपाचा हिशोब आहे. उजनीत पाणी असून शहर तहानलेलं का, याचं एक कारण म्हणजे धरणातून भीमा नदीत सोडलेलं पाणी शहरासाठीच्या औज बंधाऱ्याला येईपर्यंत वाटेतच मुरतं आणि उपसलं जातं. म्हणून सुमारे ११० किलोमीटरची दुसरी जलवाहिनी मागितली गेली. पण वाहिनीनं पाणी शहराच्या वेशीपर्यंत येतं. पुढं उंच टाक्या, वाटप नलिका, कोणती चावी कधी फिरते, तिथं खरा अन्याय होतो. तो फक्त गल्लीतली वही पकडू शकते. आतून आम्हाला तो दिसायचा, पण कागदावर आणायला कुणी सांगत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आम्हीही आणला नाही.

जुळे सोलापूर
साहेब, मग शेजारच्या नगराची पण वही असली तर? दोन्ही वह्या एकाच टेबलावर. त्याला माझा विरोध नाही. माझा विरोध एकाच वहीला आहे.

पूर्वभाग
आमच्या घरकुलात सुरू करते मी. चार गल्ल्या, चार वह्या. ताई, रकाने कोणते होते ते सांगा. आणि महिना दहा रुपये पहिल्या दिवसापासून घेऊ का, की आधी वही चालू द्यायची?

हद्दवाढ
रकाने: तारीख, पाणी आलं ती वेळ, गेलं ती वेळ, किती घागरी भरल्या, कुणाच्या घरी मोटर चालू होती. शेवटच्या रकान्यावरून भांडणं होतील, पण तो ठेवा. आमच्या निम्म्या तक्रारी शेजारच्या मोटरमुळं होत्या. लिहिणारी दर आठवड्याला बदला, नाहीतर वही एकीची होते. दहा रुपये पहिल्या दिवसापासून घ्या.

चावीवाल्यांचा साहेब
एक रकाना रिकामा सोडा: टाकीची पातळी. ती पंपहाऊसच्या नोंदवहीत लिहिलेली असते. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रं बघू द्यावीत असा शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. नाही म्हणाले तर दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत द्यावी लागते. अर्जात "पाणी का येत नाही" असं विचारू नका. टाकीचं नाव, तारखा आणि "नोंदवहीच्या पानांची प्रत" एवढंच लिहा. पहिला अर्ज मी लिहून देतो.