राक्षस मेला आणि तुम्हालाच रडू आलं, असं झालंय का? (डीमन स्लेयर)

परवा डीमन स्लेयर ही जपानी अ‍ॅनिमे मालिका परत पहिल्यापासून लावली आणि सुरुवातीच्याच एपिसोड्समधे अडकले. तो हातच हात असलेला राक्षस, गुरू उरोकोदाकींची शिष्य पोरं कोल्ह्याच्या मुखवट्यावरून ओळखून ओळखून खाणारा, त्याचं मुंडकं उडाल्यावर आपला हिरो तंजिरो त्याचा विरत चाललेला हात हातात घेतो, आणि त्या राक्षसाला आठवतं की अंधाराची भीती वाटायची म्हणून आपण दादाला हात धर म्हणायचो. पहिल्या वेळी हे जेवता जेवता बघितलं होतं, काही वाटलं नव्हतं. यावेळी पॉज करून दादाला उगीचच फोन केला. तो म्हणे, पैसे हवेत का.

तुमचा कोणता? स्पॉयलर चालतील, मूळ मांगा (कॉमिक) २०२० लाच संपलीय.

---

ढोलवाला क्योगाई. मूळचा लेखक. अख्खं घर गरागरा फिरतंय, तंजिरोच्या बरगड्या मोडल्यात, तरी जमिनीवर पसरलेल्या त्याच्या कागदांवर पोरगा पाय पडू देत नाही. त्याच कागदांना कचरा म्हणून कुणीतरी तुडवलेलं असतं. माझ्याकडे दिवाळी अंकांकडून साभार परत आलेल्या कथांची फाईल आहे, त्यामुळे जरा जास्तच लागलं.

---

मला नाही येत बुवा रडू. माणसं खाल्लीत त्यांनी! मरताना दोन मिनिटांचा फ्लॅशबॅक दाखवला की झालं का? ज्यांना खाल्लं त्यांचे फ्लॅशबॅक कुठेत? मी राक्षस मारणाऱ्या शिनोबूच्या पार्टीत, वरून हसू आणि आतून संताप.

---

अकाझा!! मुगेन ट्रेन सिनेमात या राक्षसाने आपल्या बाजूच्या रेंगोकूला मारला तेव्हापासून त्याला शिव्या घालत होतो. सप्टेंबर २०२५ मधे इन्फिनिटी कॅसल सिनेमा आपल्याकडे आला, मित्रांनी पहाटेच्या शोची तिकिटं काढली, म्हटलं आता याला मरताना बघायचंच. आणि बघतो तर काय, आजारी बापाच्या औषधासाठी पाकिटं मारणारं पोर, पकडला गेला की दर वेळी हातावर गुन्हेगाराचा पट्टा गोंदवतात, आणि पोरगं आपल्यामुळे चोर झालं म्हणून बाप गळफास घेतो. अंगावर दिसायचे ते पट्टे मी इतकी वर्षं डिझाईन समजत होतो यार. लाईट लागल्यावर आम्ही चौघं एकमेकांकडे न बघता चहाला गेलो.

---

वर शिनोबूच्या पार्टीत आहेत त्यांना, तंजिरो माफ कुठे करतो? आधी मान उडवतोच की. हात नंतर धरतो.

---

रुई, कोळ्यांच्या (जाळी विणणाऱ्या) डोंगरावरचा पोरगा राक्षस. आजी सोफ्यावर जपमाळ घेऊन बसलेली, मला वाटलं तिचं लक्ष नाही. ज्या आईबापाला त्याने स्वतः मारलं तेच शेवटी त्याला घ्यायला येतात, नरकातही सोबत येऊ म्हणतात. मी सबटायटल वाचून दाखवलं तर आजी म्हणाली, सुटला गं बिचारा. मग जरा वेळाने, तंजिरोच्या बहिणीच्या तोंडातला बांबू बघून, पण त्या पोरीच्या तोंडात बासरी कुणी कोंबलीय?