मदत हवी आहे: शेतीसंरक्षण बंदुका आणि निवडणूक

मंडळी, आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक कित्येक घरांत आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. २०२४ च्या लोकसभेला माझी एकनळी तिकडे पडून, आणि इकडे डुकरांनी एका रात्रीत उन्हाळी भुईमूग उकरला. सकाळी वाफ्यात नुसती टरफलं! एक बार काढला असता तरी कळप पळाला असता.

खरं तर कुणाची बंदूक जमा करायची हे छाननी समितीने (परवानाधारकांची प्रकरणं तपासणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी समितीने) प्रत्येक प्रकरण पाहून ठरवायचं असतं, सरसकट नव्हे. म्हणून आम्ही गावोगावचे परवानाधारक एकत्र येतोय. सूट मागणारा सामूहिक अर्ज कुणी केलाय का? मसुदा असेल तर कृपया द्या. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडला तर पुरेल, की संस्था नोंदवावी लागेल? आचारसंहितेच्या आधी अर्ज द्यायचाय.