ऑलिव्हर एल्सवर्थ : आमदार, खासदार की सिनेटर?

प्रश्न : अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याचे वकील ऑलिव्हर एल्सवर्थ (१७४५–१८०७) यांच्यावर टिपण लिहिते आहे. वकिली करता करता ते कायदे करणाऱ्यांत गेले. अशा माणसाला मराठीत काय म्हणावं? ‘विधायक’ चालेल?

उत्तर : ‘विधायक’ नकोच. हिंदीत तो आमदार, पण आपल्याकडे विधायक काम म्हणजे रचनात्मक काम. वाचक भलतीकडे जाईल. ‘आमदार’ राज्याच्या विधिमंडळापुरता. एल्सवर्थ तर १७८९ पासून १७९६ पर्यंत देशाच्या सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात होते.

‘खासदार’ अर्थाने बराच जवळ येतो. तेव्हा सिनेटर जनता निवडत नसे, राज्यांची विधिमंडळं निवडत, आपल्या राज्यसभेसारखंच. प्रत्येक राज्याला दोन जागा, हे तत्त्व १७८७ च्या फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत कनेटिकटच्या प्रतिनिधींनी लावून धरलं होतं आणि त्यांत एल्सवर्थ होते. तरीही ‘खासदार’ वाचला की डोळ्यांपुढे दिल्लीची संसद येते. म्हणून सरळ ‘सिनेटर’ लिहा, शब्द रुळलेला आहे. सर्वसाधारण उल्लेखाला ‘कायदेमंडळाचे सदस्य’ पुरे.

त्यांचं सिनेटमधलं मोठं काम मात्र नुसत्या पदनामात झाकू देऊ नका. १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याचा मसुदा मुख्यतः त्यांचा. राज्यघटनेत सर्वोच्च न्यायालयाचा नुसता उल्लेख होता. सहा न्यायाधीश, खाली तेरा जिल्हा न्यायालयं आणि न्यायाधीशांनी फिरून काम चालवायची तीन मंडळं, हा सांगाडा या कायद्याने उभा केला. पुढे १७९६ मध्ये ते स्वतःच त्या न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले. इथे ‘मुख्य न्यायाधीश’ लिहिलंत तर आपल्या वाचकाला उच्च न्यायालय वाटेल.

प्रश्न : आणि ‘वकील’? तो तर निर्विवाद ना?

उत्तर : हो, आणि त्यांना दोनदा लागू पडतो! हार्टफर्ड काउंटीत ते सरकारी वकील होते, हा आजचा अर्थ. पण पेशवाईत वकील म्हणजे परदरबारातला प्रतिनिधी : दिल्लीला हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे. काळ्यांच्याच काळातले हे एल्सवर्थ सरन्यायाधीश असतानाच फ्रान्सला गेले आणि १८०० मध्ये त्यांनी नेपोलियनच्या सरकाराशी तह केला. पेशवे दफ्तरातल्या कारकुनाने त्यांची नोंद ‘अमेरिकेचे वकील’ अशीच केली असती. टिपणात मात्र त्या भागाला ‘राजदूत’ न लिहिता ‘विशेष दूत’ लिहा. त्यांची नेमणूक त्या एका वाटाघाटीपुरतीच होती.